कापणाऱ्यानं मागून घ्यायचं

काकूंच्या घरात जो कापेल त्याला आधी उचलता येत नसे. कलिंगड असो, पिझ्झा असो की वाढदिवसाचा केक, सुरी एकाच्या हातात जायची आणि ताट दुसऱ्याच्या पुढे सरकायचं. "कापणाऱ्यानं मागून घ्यायचं," हे त्या दर वेळी म्हणत, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं म्हणत. मी आणि माझी रूममेट श्वेता कॅनडात विनिपेगला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला वर बोलावलं आणि श्वेतापुढे कलिंगडाचा तुकडा ठेवला. तिने दोन फोडी केल्या. मला आधी उचलायला सांगितलं, तेव्हा मी संकोचाने लहान फोड घेतली. काकूंनी ती माझ्या हातातून काढून परत ताटात ठेवली. "ती मोठी दिसतेय ना? मग मोठी घे. तू अशी लहान घेत बसलीस तर ही सरळ कापायला कधी शिकणार?" श्वेता हसली. मला मात्र मोठी फोड खाताना उगाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

काकू मूळच्या खानदेशातल्या, अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्याकडे भाऊ वेगळे निघाले की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी रीत होती. वाटे पाडणाऱ्याला आपल्या पदरात कोणता पडेल हे ठाऊक नसतं, म्हणून तो वाट्यांत लबाडी करत नाही, असं त्यांचे वडील सांगत. ही रीत घेऊन त्या लग्न होऊन मॅनिटोबात आल्या. नवरा डॉक्टर. त्यांचं काम प्रांताच्या पार नैर्ऋत्येच्या टोकाला, एका छोट्या गावात. तिथे धान्याचं उंच कोठार होतं, चर्च होतं, हॉकीचं रिंक होतं, आणि दुसरं मराठी घर शोधायला विनिपेगपर्यंत यावं लागे. त्या गावात त्यांनी विनय आणि मेधा ही दोन मुलं वाढवली आणि घरातलं प्रत्येक सफरचंद विनयकडून कापून घेऊन मेधाला आधी उचलायला लावलं. विनय थोरला. "त्याचा हात इतका सरळ झाला, की पट्टी लावून बघावी," हे काकू कौतुकाने सांगत.

पुढे त्या विनिपेगला राहायला आल्या. तिथल्या मराठी मंडळातले जुने लोक त्यांना 'तेलवाल्या काकू' म्हणत, आणि त्यात थोडा टोमणाही असे. त्याचं कारण असं. डॉक्टरकाकांकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मूलबाळ नव्हतं. तो शेत विकायला निघाला तेव्हा त्याने ते डॉक्टरांनाच घ्यायला लावलं. या देशात एकाच शेताचे दोन मालक असू शकतात, हे मला काकूंमुळे कळलं. वरची माती एकाच्या नावावर, आणि खाली जे तेल किंवा खनिज असेल ते दुसऱ्याच्या. दोन्हींची टायटलं, म्हणजे मालकीचे कागद, वेगळी. बहुतेक शेतांखालचा हक्क सरकारकडे नाहीतर कुठल्या तरी कंपनीकडे असतो. या म्हाताऱ्याकडे दोन्ही हक्क होते आणि त्याने दोन्ही डॉक्टरांना दिले. पुढे एका कंपनीने तिथे विहीर खणली, तेल लागलं, आणि घरी चेक येऊ लागला. कुणी मंडळात खोचकपणे विचारलं, "काय काकू, आज काय भाव तेलाचा?" की त्या सरळ चेहऱ्याने विचारत, "शेंगदाण्याचा का सूर्यफुलाचा?"

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर काकूंनी मला इतकं जवळ का केलं ते कळणार नाही. मी वणीकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा सातवीपर्यंत शिकले होते, दादा बारावीला थांबला. आमचं बरंचसं शेत कोळशाच्या खाणीत गेलं. गावाचं नाव सांगितलं की लोक सहसा जेवणाबद्दल नाहीतर उन्हाळ्याबद्दल विचारतात. काकूंनी विचारलं, "खालचा कोळसा कुणाचा होता गं?"

"सरकारचा," मी म्हणाले.

"आणि वरचं?"

"वरचं आमचं."

"म्हणजे खालच्यासाठी वरचं नेलं." त्या उठल्या, माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि वरणाचं भांडं माझ्याजवळ सरकवलं. त्या दिवसापासून त्या मला श्वेतासारखी नावाने हाक न मारता 'बाई' म्हणू लागल्या. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला असं म्हणत.

बर्फ सरलं की मे महिन्यात त्या शेत बघायला जात. पूर्वी कुणी ना कुणी घेऊन जाई, मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. गाडी त्यांची जुनी, चालवणारी मी, शेजारी काकू, मांडीवर दशम्यांचा डबा. रस्ता असा सरळ की मला झोप येईल या भीतीने त्या सतत बोलत. शेत एका शेजाऱ्याला कसायला दिलेलं होतं, अजून पेरणी झालेली नव्हती. मधोमध तेलाचा पंप होता. त्याची लोखंडी मान संथपणे खाली जायची आणि वर यायची. "हा आमचा नंदीबैल," काकू म्हणाल्या. त्या पंपासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि गुबुगुबु वाजवणाऱ्या नंदीबैलवाल्याच्या सुरात विचारू लागल्या. "यंदा पाऊस बरा पडेल का रे?" मान हलली. "बाईचा कोर्स पुरा होईल का?" मान हलली. "मेधा येईल का यंदा?" हे विचारताना सूर गेला आणि साधा आवाज आला. पंपाची मान वर होती, ती खाली आली. "बघ, हो म्हणाला," म्हणत त्या गाडीकडे वळल्या. निघताना त्यांनी एका डब्यात शेतातली माती भरून घेतली. घरातल्या तुळशीच्या कुंडीत त्या दर वर्षी तीच माती घालत.

मेधा का येत नाही, हे मला हळूहळू कळलं. विनय दूर पूर्वेकडे मिसिसागाला राहायचा आणि मेधा वॉटर्लूला. दोघांच्या घरांत गाडीने तासाभराचं अंतर. तरी दोघं काही वर्षं एकमेकांकडे गेलेली नव्हती, आणि मेधा तेवढीच वर्षं विनिपेगला आलेली नव्हती. फोन करायची, वाढदिवसाला फुलं पाठवायची. यायची नाही.

डॉक्टरकाका गेले तेव्हा कुणीतरी काकूंना सल्ला दिला होता, की एका मुलाचं नाव टायटलवर लावून घ्या, मागे कोर्टाच्या खेपा नकोत. काकूंना ते लगेच पटलं. आपल्याकडे वडील वारले की सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. नाव लागलं म्हणून कुणी एकटा मालक होत नाही आणि राहून गेलं म्हणून कुणी परकं होत नाही, शेत घराचंच राहतं, असा त्यांचा समज. विनय त्या आठवड्यात इथे होता. मेधा तिकडे बाळंतीण होती. "जो घरात होता त्याचं नाव लावलं," काकू सांगत. "मेधा असती तर मेधाचं लागलं असतं." वरच्या टायटलवरही विनयचं नाव लागलं आणि खालच्यावरही.

पुढे कधीतरी तेलकंपनीचा माणूस कराराच्या सह्या घ्यायला घरी आला. नेमकी मेधा मुलांना घेऊन आलेली होती. त्या माणसाने दोन सह्या मागितल्या, एक काकूंची, एक विनयची. तो गेल्यावर मेधाने विचारलं, "आई, यात मी कुठे आहे?" काकू म्हणाल्या, "तू आहेसच की." ही हकिगत काकूंनी मला पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी शेवटी त्या माझ्याकडे बघत, माझं काय चुकलं ते सांग, अशा नजरेने. मृत्युपत्र त्यांनी रीतसर केलेलं होतं. त्यात सगळं दोघांना अर्धं अर्धं लिहिलेलं होतं. मेधालाही ते दाखवलेलं होतं. मग राग कशाचा, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

ते मला कॉलेजात कळलं. मी लीगल असिस्टंटचा कोर्स करत होते आणि दुसऱ्या सेमिस्टरला जमिनीच्या मालकीचा विषय आला. टायटलवर दोन नावं अशी एकत्र लावलेली असली, तर एक माणूस गेल्यावर सगळं उरलेल्याचं होतं. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, ते त्या जमिनीला लागूच होत नाही. मी बसमध्ये ते पान पुन्हा वाचलं. वाटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे, काहीतरी चुकत असेल. दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तू बरोबर समजलीस. आईचा हेतू तसा नव्हता असं मुलीला कोर्टात म्हणता येईल, पण त्यासाठी तिला भावावर केस करावी लागेल.

घरी आले तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. हे सांगावं की नाही, सांगणारी मी कोण, असं मनात चाललं होतं. शेवटी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी डोळे मिटले की सगळं विनयचं."

"हो."

"आणि मेधाला हे माहीत आहे."

"बहुतेक माहीत असावं."

त्या मेथी निवडत राहिल्या, पण पानं देठांत पडत होती. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि मी तिला सांगत बसले, तू आहेसच की."

मग त्या आत गेल्या आणि कपाटातून एक साडी घेऊन आल्या. अंजिरी रंगाची, रुंद जरीच्या काठांची, कोरी. मेधा लहान असताना त्या तिला घेऊन माहेरी गेल्या होत्या. वडील त्याआधीच वारलेले. भावांनी त्यांना कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. वडिलांच्या शेतातला आपला हक्क सोडला, असा तो कागद. त्यांनी हसतहसत सही केली. बहिणीने भावाकडे वाटा मागितला की माहेर तुटतं, असं त्यांनीही ऐकलेलं होतं. भावांनी त्या दिवशी ही साडी दिली. "वाटे पाडले ते चौघा भावांत," काकू म्हणाल्या. "मला कुणी उचल म्हणालं नाही. मलाही तेव्हा ते वावगं वाटलं नाही." साडी त्यांनी कधीच नेसली नव्हती. एकदा घडी मोडायला घेतली होती, पण ही आपल्याला केवढ्याला पडली ते मनात यायला लागलं, म्हणून तशीच ठेवून दिली.

त्याच दिवसांत दादाचाही मला फोन आला होता. बाबा वर्षभरापूर्वी गेले होते. खाणीतून उरलेल्या शेतावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलेलं होतं. तो म्हणत होता, तू तर आता तिकडेच राहणार, हक्कसोड करून टाक, कागद पाठवतो. त्याने रागाने किंवा लबाडीने म्हटलं नव्हतं. गावात सगळ्यांच्या बहिणी करतात तसं मीही करीन, एवढंच त्याच्या मनात होतं. मी काकूंना विचारलं, काय करू. त्यांनी साडीची घडी नीट केली. "सही कर किंवा करू नको, मी कोण सांगणार? पण बाई, साडी घेऊन परत येऊ नकोस."

आम्ही वकिलाकडे गेलो. वकीलबाई इकडच्याच होत्या, तरुण होत्या, हळू बोलत होत्या. काकूंनी आधी त्यांना विचारलं, की विनयने दोन वाटे पाडले, एकात वरची जमीन आणि एकात खालचं तेल, आणि मेधाने आधी उचललं तर? वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. वरचं ज्याच्याकडे जाईल त्याच्या पिकातून कंपनीचे ट्रक जातील आणि चेक दुसऱ्याच्या घरी जाईल. जीव लावणारी भावंडंही त्यावरून भांडतात. दोन्ही एकत्र ठेवा, दोघांची नावं घाला, अर्धं अर्धं आणि ज्याचं त्याचं वेगळं, म्हणजे एक गेला तरी त्याचं त्याच्या मुलांकडे जाईल. काकूंना हे पटलं. त्यासाठी विनयची सही हवी होती. सही लवकर मिळणार नसेल तर दुसरी वाट होती. काकूंनी विनयला एक नोटीस पाठवायची, ठरलेली मुदत गेली की निदान काकूंचा अर्धा भाग मोकळा होईल आणि मृत्युपत्राप्रमाणे तो तरी वाटला जाईल.

"नोटीस?" काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या. "पोटच्या पोराला? नोटीस भाडेकरूला देतात, घर खाली कर म्हणून." वकीलबाईंनी समजावलं, की हा एक साधा कागद आहे, त्यात भांडण नाही. काकू उठून कोट घालायला लागल्या. "माय सन विल कम," त्या म्हणाल्या. "ही विल साइन."

विनयदादाबद्दल मला वाईट काही लिहायचं नाही. तो फोनवर लगेच म्हणाला, मला काही नको आई, जिथे म्हणशील तिथे सही करतो. कागद कुरिअरने पाठव, इथल्या वकिलापुढे सही करून परत पाठवतो. तसं झालं असतं तर सगळं मार्गी लागलं असतं. काकू म्हणाल्या, "वाटे कुरिअरनं पाडतात का? तू ये. मेधाही येईल. एका जागी बसू." मेधाला त्यांनी फोन केला. ती म्हणाली, दादा येईल तेव्हा मला सांग, मी येते. फोन ठेवल्यावर काकूंनी त्या दिवशी गोडाचा शिरा केला. विनयदादा थँक्सगिव्हिंगला येणार होता, मग ऑफिसचं काही निघालं. ख्रिसमसला मुलाची हॉकीची टूर्नामेंट होती. शेवटी मे महिना ठरला. बर्फ सरलेलं असेल, दोघांना शेतावरच घेऊन जाऊ, असं काकू म्हणू लागल्या. मी एकदोनदा कुरिअरची आठवण केली. त्या म्हणत, "इतकी वर्षं थांबले, आता मेपर्यंत थांबायला काय होतंय?"

संक्रांतीला त्यांनी गुळपोळ्या केल्या. मी लाटत होते, त्या भाजत होत्या. थोड्या आम्ही खाल्ल्या, थोड्या मंडळात दिल्या, आणि काही एका पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या. त्या दोघांसाठी होत्या.

फेब्रुवारीत एका सकाळी मी वर गेले तेव्हा चहा उतू गेलेला होता आणि काकू ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या होत्या. उजवा हात उचलत नव्हता. तोंडातून शब्द येत नव्हता. हॉस्पिटलातून मी दोघांनाही फोन केले. दोघंही निघाली, पण तिकडे वादळ होतं आणि विमानं अडकलेली होती. मी काकूंच्या पलंगाशी बसून होते. त्या शुद्धीवर होत्या. डाव्या हाताच्या कडेने त्यांनी चादरीवर एक रेघ ओढली, मधून. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओढली. मला कळलं. मी म्हणाले, "काकू, दोघं निघालीत. पोचतील." त्यांनी आणखी एकदा रेघ ओढली. नंतर हात तिथेच पडून राहिला. मुलं पोचली तेव्हा काकू गेलेल्या होत्या. आधी विनयदादा आला, मग मेधाताई. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती दोघं समोरासमोर उभी राहिली, आणि मग बाजूबाजूला बसली.

दहन झाल्यावर तिसऱ्या दिवशी, श्वेता कामावर गेल्यावर, घरात आम्ही तिघंच उरलो. जेवणाचं कुणालाच सुचत नव्हतं. मी फ्रीझरमधून पिशवी काढली, एक गुळपोळी तव्यावर गरम केली, तूप सोडलं आणि दोघांच्या मध्ये ठेवली. ही आईने केलेली, एवढंच सांगितलं. विनयदादाने सुरी घेतली, पोळी कापली, आणि ताट मेधाताईकडे सरकवलं. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. हाताला सवय होती, हात गेला. मेधाताई ताटाकडे बघत राहिली. "अजून तसंच कापतोस," ती इंग्रजीत म्हणाली. दोन्ही अर्ध्या अगदी सारख्या होत्या. मला वाटलं, आता ती उचलेल. मी मनात उचल, उचल असं म्हणत होते.

विनयदादा म्हणाला, वकिलांशी बोललो, सगळं माझ्या नावावर आलंय, वरचंही आणि खालचंही. पुढच्याच आठवड्यात अर्धं तुझ्या नावावर करतो. त्याचा आवाज भरून आला होता. ती दोघं एकमेकांशी नेहमी इंग्रजीत बोलत. मेधाताईने उत्तर मराठीत दिलं, अडखळत, शब्द शोधत.

"तू देशील ते तुझं असेल, दादा. मला आईकडून हवं होतं."

पोळीवरचं तूप थिजून पांढरं झालं. मग मेधाताई उठून काकूंच्या खोलीत गेली. दोन्ही वाटे ताटातच राहिले.

थोड्या वेळाने तिने मला आत बोलावलं. कपाट उघडं होतं. आईची एखादी साडी घेऊन जावी असं तिला वाटत होतं, आणि तिच्या हातात ती अंजिरी साडी होती, कारण ती सगळ्यात नवी दिसत होती. आईने ही कधी नेसलेली आठवत नाही, ती म्हणाली. तिला सांगणं बरोबर की न सांगणं, मला आजही नक्की माहीत नाही. मी सांगितलं. कचेरी, हक्कसोडपत्र, चार भाऊ, त्याबदल्यात आलेली ही साडी. मेधाताई पलंगावर बसली.

"म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली. "कसं वाटतं ते."

मी म्हणाले, हो, आणि म्हणूनच त्या गेले काही महिने धडपडत होत्या. वकिलाकडे जाऊन आल्या, मेमध्ये तुम्हा दोघांना शेतावर नेणार होत्या. तिने विचारलं, दादाच्या सहीशिवाय काहीच होण्यासारखं नव्हतं का? तिच्याशी मला खोटं बोलवेना. नोटीस पाठवता आली असती, मी म्हणाले. मग निदान आईचं अर्धं तरी तुम्हा दोघांत वाटलं गेलं असतं.

"आणि पाठवली नाही."

"मुलाला नोटीस कशी पाठवायची, म्हणाल्या."

मेधाताई हसली. ते हसू मला बघवलं नाही. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. मग तिने साडीची घडी पूर्ण उलगडली, बहुधा पहिल्यांदाच ती कुणी उलगडली असेल. इतकी वर्षं एकाच घडीत राहिल्यामुळे जर घडीघडीवर तुटलेली होती. तिने ती तशीच खांद्यांवरून लपेटून घेतली, त्यात तोंड खुपसलं, आणि मी दार लोटून बाहेर आले. स्वयंपाकघरात विनयदादा ताटासमोर बसलेला होता. आतला आवाज त्यालाही येत होता. तो उठून दारापर्यंत गेला, हात वर केला, आणि न वाजवता परत येऊन बसला.

घर उन्हाळ्यात विकलं गेलं. विनयदादाने बोलल्याप्रमाणे कागद तयार करून मेधाताईला पाठवले. ते तिच्याकडेच पडून आहेत, तिने अजून सही केलेली नाही, असं त्याच्याकडूनच कळलं. तो मला अधूनमधून फोन करतो. आईने शेवटी काय काय म्हटलं ते पुन्हा पुन्हा विचारतो. शेवटी त्या बोलू शकत नव्हत्या, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगते. चादरीवरची रेघ मी त्याला सांगितलेली आहे. तुळशीची कुंडी मी माझ्या नव्या खोलीत आणली. यंदा मे महिन्यात तिच्यात माती घालायला कुणी शेतावर गेलं नाही.

परवा दादाचा वणीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, त्या कागदाचं काय करतेस? मी पुष्कळ दिवस या प्रश्नाची तयारी करत होते. दादाशी मी असं कधी बोललेले नाही. आमच्या घरात कुणी मुलगी असं बोललेली नाही.

"दादा, मी सुट्टीत येते. आपण आईजवळ बसू. तू वाटे पाड. मी आधी उचलीन."

फोन बंद झालेला नव्हता, पलीकडे घरातला पंखा फिरताना ऐकू येत होता. मी तुळशीच्या कुंडीत बोट घालून माती ओली आहे का ते बघत होते, आणि तो काय म्हणतो याची वाट बघत होते.